मांडीचं ठिगळ

ती. आई-बाबांना,
सा. न.

रागवायच्या आधी पूर्ण वाचा. आईच्या छातीवरच्या जखमेच्या ऑपरेशनला मी होकार कळवलाय, चार आठवड्यांनी आहे.

आई, तू म्हणतेस ड्रेसिंगवर भागतंय. पण रेडिएशनच्या किरणांनी जळलेल्या जागेला रक्तच पुरत नाही. आतल्या दोन फासळ्या मेल्यात, त्या काढल्याशिवाय जखम भरायची नाही. नुसती कातडी तिथे धरणार नाही. पाठीचा स्नायू पुढे वळवणं सोपं होतं, पण त्याची रक्तवाहिनी काखेतून येते, आणि काखेचं तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहेच. म्हणून मांडी.

उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाची कातडी-चरबी तिच्या रोहिणी-नीलेसकट (रक्त आणणारी आणि परत नेणारी वाहिनी) छातीवर आणतील आणि छातीच्या मधल्या हाडाच्या पलीकडच्या, किरणं न लागलेल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतील. वाहिनी दोन-अडीच मिलिमीटरची, दोरा केसाहून बारीक, एका रोहिणीला आठ-दहा टाके. तुला सुईत दोरा ओवून द्यायला मी लागायचे ना! हा तुकडा, म्हणजे फ्लॅप, आठ-नऊ सेंटिमीटर रुंद असेल तर मांडी सरळ शिवता येते. तुझा त्याहून रुंद लागेल, म्हणून डाव्या मांडीची पातळ कातडी उजवीवर लावतील. खरं सांगते, जास्त झोंबेल ते डाव्या मांडीलाच. उजवीला थोडा बधिरपणा राहील, चालायला मात्र अडचण नाही.

पहिले दोन-तीन दिवस नर्स दर तासाला बघेल, रात्रीसुद्धा. चिडू नकोस. बोटाने दाबल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परतला की ठीक. निळसर, फुगलेला आणि रंग झटकन परतणारा फ्लॅप म्हणजे नीला तुंबली. पांढरा, गार म्हणजे रोहिणी. बाबा, तसं झालं तर परत थिएटरमध्ये नेतील, तेव्हा मामाला फोन लावत बसू नका, आधी सही करा. लवकर उघडलं तर फ्लॅप बरेचदा वाचतो.

खोली गार ठेवत नाहीत, तुझी गोधडी चालेल, पण पायांवरच. मंगळसूत्र घरी ठेव, फ्लॅपवर काहीही टेकायला नको. मशेरी आजपासून बंद, तंबाखूने वाहिन्या आकसतात. लपवून लावलीस तर मला कळतं, लहानपणापासून कळतं. बाबा, गच्चीवरची सिगारेटही. रोज दोन अंडी, आणि तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं यंत्र आत्तापासून वापर. श्वास आत ओढायचा, फुंकायचं नाही, नाव चुकीचंच पडलंय.

शनिवारी रात्री येते. स्टेशनवर येऊ नका.

तुमची,
बेबी