मागच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचायला हवा

महोदय,

नुकतीच एका मोठ्या सभागृहात शास्त्रीय गायनाची मैफल ऐकली. गायिकेचा गळा तयार, साथही उत्तम. पण बाल्कनीखाली बसलेल्या आम्हा श्रोत्यांपर्यंत त्यातले फारच थोडे पोहोचले. बंदिशीचे शब्द एकमेकांत मिसळत होते, तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येत होता.

याचे कारण अगदी साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. म्हणजे मंचावरच्या स्पीकरचा आवाज ३४ मीटरवरच्या रांगेत पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागचे स्पीकर तेवढा विलंब न देता सुरू ठेवले, की तोच स्वर आधी जवळून आणि मग मंचाकडून येतो. हा विलंब ध्वनियंत्रणेत सहज देता येतो. फक्त कार्यक्रमाआधी कुणीतरी मागे बसून ऐकायला हवे. मध्यंतरात व्यवस्थापकांना सांगितले, तर ‘पुढे छान ऐकू येतंय’ एवढेच उत्तर मिळाले. याचे मला फार वाईट वाटले. तिकीट आम्हीही काढले होते.

शिवाय आलापी रंगात आली असतानाही उशिरा येणाऱ्यांना टॉर्च लावून आत सोडले जात होते. त्यांना दोन रागांच्या मधल्या वेळेत आत घेणे मुळीच अवघड नाही.

सभागृहांनी प्रत्येक मैफलीआधी शेवटच्या रांगेतून ध्वनिचाचणी घ्यावी आणि ज्या खुर्च्यांवरून नीट दिसत वा ऐकू येत नाही, त्यांची कल्पना तिकीट विकतानाच द्यावी.

– एक संगीतप्रेमी