मातीवरच्या रेसिंगसाठी इंजिनाला सील मारा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मोटोजीपीच्या बातम्या तुम्ही छापता ते आवडतं, पण स्पीडवे म्हणजे मोटरसायकलींच्या मातीवरच्या रेसबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितोय. मातीचा ओव्हल ट्रॅक, चार रायडर, चार लॅप आणि साधारण एका मिनिटात रेस संपते. ५०० सीसीचं सिंगल सिलेंडर इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच, गाडी आडवी घसरवत डावीकडे वळवायची, त्यासाठी डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधतात. आपल्या वडिलांनी जी जावा चालवली त्याच नावाची इंजिनं तिकडे स्पीडवेत अजून धावतात.

एवढी साधी गाडी, तरी इंग्लंड-पोलंडमधे नव्या पोरांना परवडत नाही. गाडी, इंजिनं, व्हॅन बहुतेक सगळं रायडरचं स्वतःचं. त्यात रेस बऱ्याचदा पहिल्या वळणावरच ठरते, मग सुरुवातीला थोडी जास्त ओढ मिळावी म्हणून सगळे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनरच्या मागे, आणि जितकं इंजिन ताणलं तितकं लवकर खोलावं लागतं.

हे मी कुर्ल्यातल्या माझ्या गॅरेजात पण बघितलंय. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा, डिलिव्हरीचं काम करणारा, डर्ट रेससाठी दीडशे सीसीची गाडी घेऊन आला, कुणीतरी सांगितलं म्हणून हेड घासून पिस्टन मोठा टाकलेला. पहिल्याच हीटला, म्हणजे पहिल्याच फेरीत, इंजिन सीज, आतून जाम. मी ब्लॉक उतरवला तर पिस्टनवर नखाला लागतील असे ओरखडे आणि रिंगा खाचेत चिकटलेल्या. हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम त्याच्या महिन्याच्या कमाईच्या वर गेलं, परत तो रेसला गेलाच नाही. हात चांगला होता हो त्याचा, फार वाईट वाटलं.

म्हणून म्हणतो, आपल्याकडे क्लब सुरू करायचाच तर गाड्या क्लबच्या ठेवा, रस्त्यावरच्याच दीडशे-दोनशे सीसीच्या, म्हणजे पार्ट कुठल्याही दुकानात मिळेल. इंजिनाला सील मारा, म्हणजे कुणी ते खोलून आत बदल करणार नाही, सील तुटलं की त्या दिवसाचे पॉइंट गेले, आणि कुणाला कुठली गाडी ते चिठ्ठी टाकून ठरवा. टायरही सगळ्यांना एकच, कडक रबराचा. एकसारख्या गाड्यांवर रेस होते हे टीव्हीएसच्या वन मेक चॅम्पियनशिपने कधीच दाखवलंय, पण ती डांबरावर, आणि ट्रॅक चेन्नई नाहीतर कोइम्बतूरला. मुंबईच्या पोराने गाडी घेऊन तिथपर्यंत जायचं तर भाड्यातच खिसा रिकामा.

इंधनाचंही बघायला हवं. स्पीडवे मिथेनॉल या अल्कोहोलवर चालतं आणि ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, वर विषारी. २०१५ ला मालवणीत दारूतून ते पोटात जाऊन शंभरावर माणसं गेली, ते मुंबईत कोण विसरेल? ते पोरांच्या हातात देऊच नये. साधं पंपावरचं पेट्रोल बस झालं, पुढे जमलं तर इथेनॉल, ते तर आपल्याच साखर कारखान्यात बनतं.

ट्रॅक तीन-साडेतीनशे मीटरचा लागतो, त्याला डांबर नको, फक्त रोलर आणि धूळ बसवायला पाणी, तेही प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालेल, पिण्याचं वाया घालवायची गरज नाही. पावसाचे चार महिने तसेही बंदच, तेव्हा इंजिनं खोलायची. पनवेल-कर्जत बाजूला कुणी जागा दिली तर सहा गाड्यांची पहिली इंजिनं मी माझ्या बेंचवर फुकट बांधून देतो, फक्त सामानाचे पैसे क्लबने द्यावेत.

आपला,
एक गॅरेजवाला, कुर्ला (प.)