कुणाकडे राहायचं, हे नीलला विचारू नका

मायामी, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा नीलला म्हणाले, "आता इकडे कायमचाच ये, सायकल घेऊन ठेवतो." थट्टेत म्हणाले असतील. पण त्या रात्री नील दोनदा उठून माझ्या खोलीत आला आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने विचारलं, "आपण कायमचे जाणार हे पापीला माहीत आहे?" (बापाला तो स्पॅनिशमधलं 'पापी' म्हणतो.) त्याला सायकलचं काहीच लक्षात नव्हतं, फक्त 'कायमचा' तेवढं राहिलं होतं.

आणि आई, दुसऱ्या दिवशी तू वेगळा फोन केलास. "सुट्टीला म्हणून ये आणि परत जाऊच नकोस. इतक्या लांब कोण येतंय विचारायला?" मी तेव्हा काही बोलले नाही. फोनवर मला रडू फुटतं आणि तुझं बीपी वाढतं, म्हणून हे पत्र. बाबांनीही वाचायचं आहे, नुसतं 'काय म्हणतेय ती' असं तुला विचारून भागवायचं नाही.

आधी कायद्याचं उरकते. १९८०चा एक हेग करार आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलं, तर ते मूल जिथे राहत होतं तिथे लवकरात लवकर परत पाठवायचं आणि ते कुणाकडे राहणार याचा निकाल तिथल्याच कोर्टाने द्यायचा, एवढाच त्याचा गाभा. भारताने त्यावर सही केलेली नाही. म्हणजे तू म्हणतेस ते अर्धं खरं आहे, तिथे मला कुणी लगेच परत पाठवणार नाही. नीलचा बाप हायकोर्टात हेबिअस कॉर्पस टाकेल, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, तारखा पडतील, आणि तोवर नील एका शाळेतून उठून दुसऱ्या शाळेत बसलेला असेल. इकडे अमेरिकेत मात्र १९९३पासून हा फेडरल गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पुन्हा इथे पाय ठेवायचा म्हटलं की आधी वकील शोधायला हवा. आमच्या पेरेंटिंग प्लॅनमध्ये, म्हणजे घटस्फोटानंतर नील कधी कुणाकडे राहील याच्या कागदात, स्पष्ट लिहिलंय की देशाबाहेर न्यायचं तर दोघांची लेखी संमती हवी. (इथे फ्लोरिडात कोर्टाच्या कागदांत आता 'कस्टडी' शब्दच नसतो, 'टाइम-शेअरिंग' म्हणतात. मला आधी हसू आलं होतं, बंगल्याच्या जाहिरातीसारखं वाटलं. आता बरा वाटतो तो शब्द.)

पण कायदा नसता तरी मी हे केलं नसतं. का, ते या गावात राहिल्याशिवाय मलाही कळलं नसतं.

तुम्हाला एलियान गोन्सालेस आठवतो का? बाबांना आठवेल, तेव्हा आपल्या पेपरातही तो फोटो आला होता. क्युबातल्या कार्देनासचा मुलगा, सहा वर्षांचाही पुरता नव्हता. आईबाप वेगळे झालेले. नोव्हेंबर १९९९मध्ये आई त्याला बापाला न सांगता घेऊन निघाली, एका लहानशा ॲल्युमिनियमच्या होडीतून, चौदा माणसं. होडी बुडाली. अकरा गेली, त्यात त्याची आई. पोरगा टायरच्या ट्यूबवर तरंगत राहिला आणि २५ नोव्हेंबरला फोर्ट लॉडरडेलजवळ दोघा मासेमारांना सापडला. त्याला इथल्या लिटल हवाना या क्युबन वस्तीत राहणाऱ्या बापाच्या काकाकडे, म्हणजे त्याच्या चुलत आजोबांकडे दिलं. तात्पुरतं.

बाप कार्देनासहून म्हणाला, माझा मुलगा मला द्या. साधी गोष्ट होती. दुसऱ्या कुठल्या दोन देशांत ती कदाचित लवकर मिटली असती. पण इथे एका बाजूला फिडेल कॅस्ट्रो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यामुळे घरदार सोडून आलेलं अख्खं गाव. इथल्या लोकांना वाटे, आईने जीव दिला तो पोरगं स्वातंत्र्यात वाढावं म्हणून. त्याला परत पाठवणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा बुडवणं. मला सुरुवातीला हा निव्वळ हट्ट वाटला होता, आता वाटत नाही. ज्यांच्या घराला सरकारने कुलूप लावलं, ज्यांचे भाऊ तुरुंगात कुजले, त्यांच्यासाठी 'बापाकडे पाठवा' म्हणजे 'कॅस्ट्रोकडे पाठवा'. काही जण सांगत, समुद्रात डॉल्फिनांनी त्याला राखलं. त्या घरासमोर रात्रंदिवस माणसं उभी, हातात झेंडे आणि जपमाळा. तिकडे हवानात लाखांचे मोर्चे, पोराचा चेहरा छापलेले टी-शर्ट. पोरगा एक, आणि दोन्हीकडे त्याचे झेंडे.

जानेवारी २०००मध्ये इमिग्रेशन खात्याने ठरवलं की याच्या वतीने बोलायचा हक्क बापाचा. काकाने कोर्ट गाठलं. आश्रयाच्या एका अर्जावर तर पोराची स्वतःची सही होती. सहा वर्षांच्या मुलाची सही! नील अजून स्वतःच्या नावातला एन कधीकधी उलटा काढतो. पुढे १ जूनला अपील कोर्टाने खात्याचीच बाजू उचलून धरली. याआधी शिकागोत एक प्रकरण झालं होतं, १९८०मध्ये, बारा वर्षांचा युक्रेनी मुलगा, आईबाप सोव्हिएत युनियनमध्ये परत निघाले तर हा 'मी येत नाही' म्हणाला. त्याला आश्रय मिळाला. खटला इतका चालला की तोवर तो अठराचा होत आला. तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं होतं की स्वतःचं मत असायला बारा हे वय अगदी काठावरचं आहे. आणि इथे सहा.

एप्रिलमध्ये बाप स्वतः अमेरिकेत आला तरी काकाच्या घरचे पोर देईनात. त्याच महिन्यात त्यांनी एक व्हिडिओ बाहेर दिला. पोरगा पलंगावर बसून बोट नाचवत बापाला सांगतोय, मला क्युबाला यायचं नाही. मी तो व्हिडिओ पाहिलाय. बाबा, मला त्यात पोराचा खोटेपणा दिसला नाही हो. ज्या घरात तो होता, त्या घराला जे ऐकायचं होतं ते त्याने मनापासून सांगितलं. मुलं तेच करतात. नीलनेही परवा तुम्हाला "हो" म्हटलंच की.

२२ एप्रिलला पहाटे सशस्त्र अधिकारी दार फोडून आत शिरले. हुकूम ॲटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकी सरकारच्या कायदाप्रमुख, जॅनेट रेनो यांचा, त्या स्वतः याच मायामीच्या. कपाटात लपवलेलं, किंचाळणारं पोर, आणि समोर बंदूकधारी. हा बाबांना आठवत असणार तो फोटो. पण त्याच दिवशी आणखी एक फोटो निघाला, बापाच्या कुशीत हसणारा एलियान. मायामीने पहिला भिंतीवर लावला, हवानाने दुसरा. २८ जूनला सुप्रीम कोर्टाने काकाच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायला नकार दिला आणि त्याच दिवशी तो परत गेला. नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याच सरकारचे उपाध्यक्ष अल गोर फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले. त्यात या पहाटेचा राग किती, यावर इथले म्हातारे अजून डॉमिनो खेळताना भांडतात. पुढे इथलं ते घर म्युझियम झालं, त्याच्या खेळण्यांसकट. कार्देनासलाही म्युझियम, तिथे सुपरमॅनची बाहुली फेकून देणाऱ्या मुलाचा पुतळा. एलियान इंजिनिअर झाला, २०२३मध्ये तिथल्या संसदेत निवडून गेला. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? आणि तिकडेही बहुधा हेच म्हणत असतील.

आता खरं सांगायचं ते. नीलच्या आजोबांबद्दल, म्हणजे माझ्या माजी सासऱ्यांबद्दल. घटस्फोट झाला तरी मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे कॉफीला जाते, हे तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे. ते मूळचे क्युबातले, १९६१मध्ये नऊ वर्षांचे होते. कॅस्ट्रोचं नवं सरकार मुलांवरचा आईबापांचा हक्कच काढून घेणार अशी हूल हवानात उठली होती, आणि १९६० ते ६२मध्ये चौदा हजारांवर मुलं एकेकटी विमानात बसवून इकडे पाठवली गेली. विमानतळावर एक काचेची खोली होती. मुलं आत, आईबाप बाहेर. आवाज येत नसे. ते सांगतात, आईचे ओठ हलताना दिसत होते, ती काय म्हणाली ते आजवर कळलं नाही. नंतर विचारलं तर तिलाही आठवेना.

त्यांची आई 'थोड्या महिन्यांत येतोच' म्हणाली होती. ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच झाला आणि विमानं बंद. सासरे इकडे आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात वाढले, स्पॅनिश विसरत गेले. पाच वर्षांनी आई मायामीला उतरली तेव्हा चौदा वर्षांचा हा मुलगा पुढे झाला आणि तिला 'उस्तेद' म्हणाला. आपलं 'तुम्ही'. क्युबात आईला 'तू'च म्हणतात, आपल्यासारखंच. ती बाई काही बोलली नाही. पण मरेपर्यंत, ते म्हणतात, मी 'तू' म्हटलं की ती क्षणभर थांबून माझ्याकडे बघायची.

आणि हाच माणूस २०००मध्ये त्या काकाच्या घरासमोर झेंडा घेऊन उभा होता. मी विचारलं, तुम्ही? तुम्हाला तर ठाऊक होतं. बराच वेळ कपातली साखर ढवळत राहिले. मग म्हणाले, "मी त्या पोरासाठी उभा नव्हतो. माझ्या आईने मला पाठवलं ते बरोबर होतं, हे कुणीतरी म्हणावं म्हणून उभा होतो."

बाबा, माझा संसार मोडला याचा तुम्हाला राग आहे. जावयावर आहे, थोडा माझ्यावरही आहे. तो नीलच्या हातात देऊ नका. तो माणूस नवरा म्हणून मला पुरा पडला नाही, पण दर बुधवारी आणि एक आड एक शनिवार-रविवारी दारात वेळेवर उभा असतो. नीलच्या दप्तरात आठवणीने रेनकोट घालतो. माझ्याकडून राहतो.

तर असं ठरलंय. १२ जूनला आम्ही येतोय, पाच आठवडे. परतीचं तिकीट काढलं आहे. त्याच्या बापाने संमतीपत्र नोटरी करून दिलंय, आणि मी न मागता नीलच्या लसींचे कागदही जोडलेत. रोज संध्याकाळी तुमच्या घड्याळाने सात वाजता नील त्याच्याशी बोलेल, तेव्हा टीव्हीचा आवाज कमी ठेवा. आई, शेजारी कुणी विचारलं तर 'सुट्टीला आलाय' एवढंच सांग. आणि कुणाकडे राहायला आवडतं, आई आवडते की पापी, इथलं आवडतं की तिथलं, यातलं काही त्याला विचारायचं नाही. मामालाही सांगून ठेव, त्याला राहवत नाही.

सायकल मात्र घ्या. सुट्टीपुरती.

नीलचा एक निरोप आहे. आजोबांना 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', असं तो विचारत होता. मी सांगितलं, आजोबांनाच विचार. तेव्हा तो विचारेल, बाबा. उत्तर तयार ठेवा.

तुमची,
मनू