रेव्हनलॉफ्ट खेळायचंय? आधी पत्त्यांचा कॅट काढा

संपादक साहेब, नमस्कार. सुट्टीतल्या खेळांवर लिहिता तेव्हा टेबलावर बसून खेळायच्या भुताच्या गोष्टींबद्दलही चार ओळी छापा की, कारण आमच्याकडे पोरं भाच्याचे बहुरंगी फासे बघून विचारतात सुरुवात कुठून करू, आणि मी सांगतो रेव्हनलॉफ्ट. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचा खेळ, त्यातलं हे जग ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याच्या 1983 च्या साहसातून, म्हणजे खेळायच्या छापील कथेतून आलं, बारोव्हिया नावाची दरी, चहूबाजूंनी धुकं, आत शिरलात की बाहेर पडणं नाही आणि वर किल्ल्यात स्ट्राड हा पिशाच्च सरदार.

नवख्यांनी 2016 चं 'कर्स ऑफ स्ट्राड' हे पुस्तक घ्यावं, पण त्यातल्या पहिल्याच भुताच्या वाड्यात नवी पात्रं पटापट मरतात हो, आमची दोन तर तळघरातच गेली, म्हणून खेळ चालवणाऱ्याने जरा हात आखडता घ्यावा. खरी मजा भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तंबूत! ती पानं उलटते आणि स्ट्राडविरुद्ध कामी येणारी सूर्यतलवार कुठे, स्ट्राड किल्ल्यात कुठे भेटणार ते ठरतं, म्हणजे दर वेळी खेळ वेगळा. खास पत्ते नसले तर घरातल्या रमीच्या कॅटवर भागतं, आम्ही तेच केलं, चौकटची दश्शी चहाने चिकट झालेली.

आणि हो, सुरू करण्याआधी सगळ्यांना विचारा कोणाला काय नको, लहान मुलांवरचे प्रसंग त्यात बरेच आहेत, आमच्या एकीला ते झेपलं नाही, ते आम्ही सरळ गाळले.

एक वाचक, पुणे