अर्ज भरलेला नाही

रत्नागिरी, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "बदलीचा अर्ज भरलास का?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. अर्ज मात्र भरलेला नाही. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मग मलाही बोलणं सुचलं नसतं, म्हणून पत्र.

दोन वर्षांपूर्वी लातूरहून निघून सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरले, तेव्हा मला ही शिक्षाच वाटली होती. पहिल्या महिन्यात थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या त्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 साली आणि 1916 साली तो इथेच वारला. सावरकरही 1924 पासून याच गावात स्थानबद्ध होते. माणूस लांब ठेवायचा झाला की इंग्रजांना रत्नागिरी आठवायची, असं दिसतं. माझ्या बँकेलाही तेच सुचलं, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगत सुटले होते.

आता ऑफिस सुटलं की पाय आपोआप थिबा पॉइंटकडे वळतात. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्रात शिरते. खाडीवर लांबलचक पूल, पलीकडे सुरूचं बन. ओहोटीला पुलाखालचा गाळ उघडा पडतो आणि त्यात बगळे उभे असतात. भरतीला तिथेच पाणी चढलेलं. दोन वर्षं झाली, अजून कंटाळा नाही. मांडवीची वाळू काळी आणि रत्नदुर्गाच्या पलीकडची पांढरी, म्हणून लोक सरळ काळा समुद्र, पांढरा समुद्र म्हणतात. सुट्टीच्या सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाते. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाचा आरडाओरडा असा की आपला भुसार बाजार शांत वाटावा. वासाची म्हणाल तर पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल होता, आता नसतो. खातेस का, हे माळकरी बाबांनी विचारू नये.

आई, तू म्हणाली होतीस, "एवढं पाणी आणि पिता येत नाही, मग काय उपयोग गं त्याचा?" उत्तर अजून सापडलेलं नाही. पण 2016 साली मिरजेहून आपल्याकडे पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तू घरातल्या वाट्यासुद्धा भरून ठेवल्या होत्यास. ते बघितलेल्या पोरीला, जे मोजावं लागत नाही असं पाणी नुसतं बघत बसायला मिळतं, एवढंच सांगता येईल.

पावसाचंही तेच. आपल्याकडच्या चौपट तरी पडतो. पागोळ्या रात्रभर थांबत नाहीत, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बंदर चिडीचूप. आणि गंमत म्हणजे इतकं पडूनही मे महिन्यात आजूबाजूच्या काही वाड्यांवर टँकर येतो! जांभ्या दगडात पाणी थांबत नाही, उतारावरून थेट समुद्रात जातं. मागच्या मे महिन्यात माझ्याही नळाला दिवसाआड पाणी होतं. घरमालकीणबाई हवालदिल झाल्या आणि मी दोन बादल्यांत सगळं आटोपलं. "कुठं शिकलीस गं?" म्हणाल्या. तुझं नाव सांगितलं.

तेव्हा यंदाचं वर्ष मला इथे राहू द्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बोलू. बाबा, रागावलात तरी चालेल, पण दिवाळीनंतर दोघं या. किल्ल्याच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना नकोत, पण भाट्याला रिक्षा वाळूजवळ जाते. आईला पाण्यात पाय बुडवायचे नसले तर सुरूखाली बसेल. येताना घरच्या ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आणा. इथे सगळे भाताचे. आणि आई, तुझं जाड लुगडं आणू नकोस, इथे वाळणार नाही.

तुमची,
धाकटी