स्थानिक समितीचा पत्ता जाहीर करा : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

यंदाच्या 8 मार्चला आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडपासून तहसील कार्यालयापर्यंत निघालेल्या महिलांच्या मोर्चात मी मैत्रिणींसह सामील झाले होते. महिला दिनी सत्कार, पाककृती स्पर्धा आणि साड्यांवरची सूट हे सारे असतेच (सवलतीतली साडी मीही घेते, त्यामुळे तक्रार नाही). मोर्चाची मुख्य मागणी मात्र वेगळी होती : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते आणि तिच्यावर कोण आहे, हे आम्हाला सांगावे. एका पत्त्यासाठी ‘घेतल्याशिवाय राहणार नाही’ अशी घोषणा द्यावी लागते, याचे आमचे आम्हालाच हसू येत होते. निवेदनाची पोच मिळाली; पत्ता मिळाला नाही.

मी नोकरी करते तिथे अशा तक्रारी ऐकणारी कार्यालयाचीच अंतर्गत समिती आहे आणि तिच्या सदस्यांची नावे जिन्याजवळच्या फलकावर लावलेली आहेत. माझ्यासोबत चालणाऱ्यांपैकी एक मैत्रीण चार घरची धुणीभांडी करते, दुसरी कापडाच्या लहान दुकानात कामाला आहे. त्यांच्यासाठी असा फलक कुठेच नाही. वास्तविक कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने त्यांचाच विचार करून, जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात किंवा जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथल्या स्त्रियांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याचे बंधन घातले आहे. तालुक्यात आणि शहरातल्या प्रभागात नोडल अधिकारी असावा आणि त्याने हाती आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशीही तरतूद आहे. या कायद्याचे मूळ राजस्थानातल्या भंवरीदेवींवर 1992 साली झालेल्या अत्याचारात आहे. बालविवाह रोखू पाहणारी ती खेड्यातली साथिन, म्हणजे सरकारी कार्यक्रमातली गावपातळीवरची कार्यकर्ती, होती. तिच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आला, त्यातून पुढे कायदा आला, आणि आज त्याचा आधार आधी मिळतो तो माझ्यासारख्या कार्यालयात बसणाऱ्या बाईला.

सर्वोच्च न्यायालयानेही याची दखल घेतली आहे. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात 3 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने स्थानिक समित्यांसाठी 31 जानेवारी 2025 ही मुदत घालून दिली होती. कागदावर समित्या झाल्या असतील, असे मी धरून चालते. प्रश्न त्या कागदाच्या पुढचा आहे.

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार झाली पाहिजे. समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. घरकाम करणाऱ्या बाईचे हे दिवस कसे जातात, हे कृपया लक्षात घ्यावे. एका घरी तिने तोंड उघडले की त्याच इमारतीतली बाकीची कामेही जाण्याची भीती असते, म्हणून ती आधी घरच्यांशी, मग ओळखीतल्या एखाद्या बाईशी बोलते, आणि धीर गोळा करून विचारायला निघते तेव्हा एक टेबल तिला दुसऱ्याकडे पाठवते. समिती शोधण्यात गेलेले हे दिवस तिच्याच मुदतीतून वजा होतात. शासनाला मात्र या कायद्याची अंमलबजावणी करताना अशी घाई कधी वाटली नाही, हे मला खेदाने लिहावे लागत आहे.

म्हणून विनंती अशी की प्रत्येक तहसील कार्यालय, पंचायत समिती, एस.टी. स्टँड, रेशन दुकान आणि सरकारी दवाखान्यात स्थानिक समितीच्या अध्यक्षांचे नाव, बसण्याची जागा व वार आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लावण्याचे आदेश आपण द्यावेत. घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंद असलेल्या महिलांना हीच माहिती मोबाइलवर संदेशाने कळवता येईल. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिला तक्रार लिहून काढायला मदत करणे हे समितीचेच काम आहे, असे कायदा सांगतो; तेवढी एक ओळ त्या फलकावर न विसरता घालावी.

आपली,
मोर्चात सहभागी झालेली एक नागरिक