एका पानावरून प्रजाती ठरत नाही

संपादक महोदय,

निकटचे नाते असलेल्या औषधी आणि सुगंधी वनस्पतींची ओळख आता पानांतील रसायनांवरून पटवता येते, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. विधान खरे आहे, पण ते इतके सरसकट केले जाते की पान यंत्रात घातले की प्रजातीचे नाव बाहेर पडते, असा वाचकाचा समज व्हावा. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे याविषयी लिहिल्यावाचून राहवले नाही.

मुळात ही कल्पना जुनी आहे. सारख्या बांधणीच्या वनस्पतींचे गुणही बहुधा सारखे असतात, असे जेम्स पेटिव्हर या इंग्रज औषधविक्रेत्याने १६९९ मध्येच मांडले होते. तिला प्रयोगशाळेचे बळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्यास, कागदी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातील घटक कागदावर वेगळे करण्याची पद्धत, हाती आल्यावर. वाळलेल्या पानाचा अल्कोहोलात काढलेला अर्क मोठ्या कागदाच्या कोपऱ्यावर थेंबभर ठेवायचा, एका द्रावकाची ओल कागदभर पसरू द्यायची, मग कागद वाळवून काटकोनात फिरवायचा आणि दुसऱ्या द्रावकाने तेच पुन्हा करायचे. साध्या उजेडात कागद जवळजवळ कोराच दिसतो. अतिनील दिव्याखाली धरला की गडद जांभळे ठिपके उमटतात आणि अमोनियाची वाफ लागताच त्यांतले कित्येक पिवळे होतात. हे ठिपके मुख्यतः फ्लॅव्होनॉइड या वनस्पतींत सर्रास आढळणाऱ्या गटातील संयुगांचे असतात.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील टेक्सासमध्ये अ‍ॅल्स्टन आणि टर्नर यांनी बॅप्टिशिया या शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या चार प्रजातींसाठी हे तंत्र वापरले. शेजारीशेजारी वाढताना त्यांचा आपसांत संकर होई आणि संकरित रोपे नुसत्या रूपावरून ओळखणे जिकिरीचे जाई, कारण संकराचे रूप बहुधा दोन्ही जनकांच्या मधले असते आणि तसे मधले रूप एखाद्या प्रजातीतला स्वाभाविक फरकही असू शकतो. कागदावर मात्र संकरित रोपाच्या अर्कात दोन्ही जनकांचे ठिपके एकत्र दिसत. पानातील रसायनाचा सर्वांत मोलाचा उपयोग माझ्या मते हाच आहे.

अडचण येते ती सुगंधी तेलावरच सारी भिस्त ठेवल्यावर. पेपरमिंट या पुदिन्याच्या प्रकाराची एकच डहाळी घ्या: तेलाच्या घटकांपैकी शेंड्याच्या कोवळ्या पानात मेंथोन अधिक, तर खालच्या जून पानात मेंथॉल अधिक. म्हणजे पान कोठून खुडले यावरही उत्तर बदलते. याहून बोलके उदाहरण स्पिअरमिंट या दुसऱ्या पुदिन्याचे आहे. तिच्या एका वाणावर गॅमा किरणांचा मारा करून मिळालेल्या उत्परिवर्तित रोपाचे तेल थेट पेपरमिंटच्या वळणाचे निघाले, आणि त्यामागे एकाच जनुकातला बदल होता. एवढ्यावरून त्या रोपाला कोणी वेगळी प्रजाती म्हणणार नाही. दक्षिण फ्रान्समध्ये रानोमाळ उगवणाऱ्या थाइम या सुगंधी झुडपाचे तर तेलातील मुख्य घटकानुसार सहा प्रकार आढळतात. कोणात थायमॉल, कोणात कार्व्हाक्रॉल, कोणात लिनॅलूल. तरीही प्रजाती एकच. (नाकाला हे चटकन पटत नाही, हे मान्य.)

म्हणून अशा संशोधनाची बातमी देताना चार प्रश्न विचारले जावेत, अशी विनंती आहे. तपासलेली संयुगे तेलातली होती की फ्लॅव्होनॉइड. पाने किती वेगवेगळ्या रोपांची आणि किती ठिकाणची होती. ती कोवळी होती की जून. आणि फुलाफळांचा, परागांचा किंवा डीएनएचा पुरावा त्याच निष्कर्षाकडे जातो का? पाचवा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ज्या रोपाची पाने तपासली, त्याचा वाळवून दाबलेला फुलोऱ्यासह नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवला आहे काय? तो नसेल, तर उद्या कोणी त्या ओळखीवर शंका घेतल्यास पुन्हा पडताळून पाहायला हाती काहीच नसेल.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक